शेतकरी उत्पादक कंपन्या नेमक्या अडतात कुठे : तारखांत की अधिसूचनांत?

माळरान | २० ऑगस्ट २०२४, सकाळी ९:१२

सभासद साधारण पाचशे. तूर, हरभरा, सोयाबीनची खरेदी, एक छोटी डाळ मिल आणि एक निविष्ठा केंद्र (बियाणं, खतं, कीटकनाशकांचं दुकान). मराठवाडा-विदर्भातल्या कितीतरी शेतकरी उत्पादक कंपन्यांचा (शेतकरीच भागधारक असलेल्या कंपन्यांचा) साचा हाच आहे. यातली एखादी बंद पडली की 'बाजारात भाव पडला' असं कारण सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. भाव पडून नुकसान होतं, पण कंपनी संपते ती न भरलेल्या विवरणपत्रांनी, मुदत गेलेल्या परवान्यांनी आणि चुकीच्या लेबलांनी.

प्रश्न असा : सल्लागाराच्या फीसाठी वर्षाला थोडेच पैसे हातात असतील, तर ते आधी कोणत्या कायद्यावर घालावेत? कलम, मुदत, रक्कम असं नेमकं लिहा. सरकारचं धोरण चांगलं की वाईट यावर दुसरे धागे भरपूर आहेत.

ताळेबंद | २० ऑगस्ट, सकाळी ११:४०

धाग्याशी सहमत. सुरुवात कंपनी कायद्यापासूनच करू, कारण तिथे चूक झाली की बाकी सगळे परवाने नावापुरते उरतात.

२०२० च्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांची तरतूद २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ म्हणून आली. कलमं ३७८-ए पासून पुढे. नोंदणी झाल्यापासून ९० दिवसांत पहिली वार्षिक सभा आणि १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा अर्ज. भागभांडवल कंपनीच्या बँक खात्यात आलं हे त्यात दाखवायचं असतं. तो भरल्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही, कर्जही काढता येत नाही. गोची कुठे होते बघा : गावोगाव फिरून भागाचे पैसे रोख गोळा होतात, त्यातूनच कार्यालयाचं भाडं आणि संगणक निघतो, आणि खात्यात भरणा दिसतच नाही. रोख घेतली तरी आधी पूर्ण रक्कम सभासदनिहाय यादीसह खात्यात भरायची, मगच खर्च. कंपनीला यात ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, संचालकांना वेगळा.

पुढे दरवर्षी : ताळेबंदाचा एओसी-४ सभेपासून ३० दिवसांत, वार्षिक विवरणपत्र एमजीटी-७ हे ६० दिवसांत. उशीर झाला की प्रत्येक अर्जाला रोज १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन अर्ज, एक वर्ष उशीर : ७३,००० रुपये. सलग तीन वर्षांचं थकलं असेल तर (३ + २ + १ वर्षं उशीर) ७३ हजारांच्या सहा पट, म्हणजे ४ लाख ३८ हजार. ज्या कंपनीचं भांडवलच पाच लाख, तिला हे कसं झेपणार?

तीन वर्षं सलग भरलं नाही तर कलम १६४(२). संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. शिवाय कलम २४८ खाली निबंधक कंपनीचं नाव नोंदवहीतून काढतो आणि बँक खातं गोठतं. मग मुंबईला कंपनी न्यायाधिकरणात जाऊन नाव परत आणायचं. त्या अर्जाला २० वर्षांची मुदत आहे खरी, पण थकलेलं सगळं शुल्क भरूनच.

कोरडवाहू | २० ऑगस्ट, दुपारी १२:०५

म्हणजे संचालक मंडळात नाव घालण्यासाठी भांडणारे पाव्हणे तीन वर्षांनी नाव काढण्यासाठी भांडणार.

सभाशास्त्र | २० ऑगस्ट, दुपारी ३:३०

ताळेबंद यांनी सभेपासून दिवस मोजले, पण मुळात सभा होते का? कलम ३७८-वाय प्रमाणे गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. नियमावलीत याहून जास्त ठेवता येते, कमी नाही. ४८० सभासद असतील तर १२० माणसं सभागृहात हवीत. दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन काढणी चालू असताना १२० माणसं? इतिवृत्तात मग अंगठे आणि सह्या नंतर 'गोळा' होतात. पुढे एखादा नाराज सभासद तक्रार करतो आणि नेमणुकांसकट सगळे ठराव वादात जातात.

यावर उपाय सभासद नोंदवहीत आहे. वारलेले, जमीन विकून शहरात गेलेले, केवळ अनुदानाची संख्या भरायला घेतलेले, हे सगळे एकूण सभासदांत मोजले जातात. प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांत वारसाचं नामांकन द्यायचं असतं. वारस स्वतः उत्पादक नसेल तर संचालक मंडळ ते भाग परत घेऊ शकतं. ही साफसफाई दर मार्चअखेर झाली तर गणपूर्तीचा आकडा आपोआप खाली येतो.

नियमावलीत तरतूद असेल तर मतदान सक्रिय सभासदांपुरतं मर्यादित ठेवता येतं. त्याने मतदार कमी होतात, गणपूर्तीचा आकडा कमी होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत बरेच सल्लागारही करतात.

आणखी एक. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासदांमधला चालत नाही (३७८-डब्ल्यू). सभासद असलेल्या अध्यक्षांनीच 'सीईओ' म्हणून सही केलेले कर्जाचे अर्ज बँकेच्या छाननीत तिथेच थांबतात.

कोरडवाहू | २० ऑगस्ट, दुपारी ३:४१

अध्यक्षांचा पुतण्या चालेल का मग?

सभाशास्त्र | २० ऑगस्ट, दुपारी ३:५८

पुतण्या सभासद नसेल, पूर्णवेळ काम करत असेल, तर कायद्याला हरकत नाही. मात्र कुठल्याही संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कंपनीतून कर्ज-उचल द्यायची असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. तिथे पुन्हा ते १२० लोक. :)

वखारवाला | २० ऑगस्ट, रात्री ८:१५

तूर-हरभऱ्याचा विषय निघालाय आणि साठा मर्यादेचा कोणी उल्लेखच केला नाही?

२१ जून २०२४ च्या केंद्राच्या आदेशाने काबुली चण्यासह हरभरा आणि तुरीवर ३० सप्टेंबरपर्यंत मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे २०० टन, किरकोळ विक्रेत्याला ५ टन. मिलवाल्याला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक स्थापित क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. जादा साठा १२ जुलैपर्यंत खाली आणायचा होता. त्यातला काबुली चणा ११ जुलैला यादीतून काढला! ज्यांनी आदल्या आठवड्यात घाईने विकला, ते बसले हात चोळत.

आता यात कंपनी कोण? माल घेऊन तसाच विकत असेल तर घाऊक व्यापारी, मर्यादा २०० टन. स्वतःची मिल असेल तर मिलवाला. दिवसाला १० टनांची मिल ३०० दिवस चालते असं धरलं तर क्षमता ३,००० टन आणि मर्यादा ७५० टन. फरक मोठा आहे, पण क्षमता सिद्ध करावी लागते : अन्न परवान्यावरची क्षमता, उद्यम नोंदणी, यंत्राचं बिल, वीजजोडणीचा भार. चारही कागदांवर आकडे जुळले पाहिजेत. परवान्यावर 'दिवसाला १ टन' लिहून शुल्क वाचवलं आणि तपासणीत १० टन सांगितले तर कोण ऐकणार?

दुसरी बाजू. ही मर्यादा शेतकऱ्यावर नव्हती. सभासदाने स्वतःची तूर कंपनीच्या गोदामात ठेवली असेल तर ती त्याची. मात्र तसं दिसलं पाहिजे : साठवणुकीची पावती सभासदाच्या नावावर, खरेदी बिल नाही, भाव ठरलेला नाही, कंपनीच्या साठा नोंदवहीत तो माल नाही, आणि थप्पी वेगळी, थप्पी कार्डासह (कोणाचा, किती माल याची नोंद). पाच जणांची तूर एका थप्पीत गेली आणि अर्ध्या तुरीचं बिल फाटलं की वेगळेपणा सिद्ध करता येत नाही. गोदाम विकास प्राधिकरणाकडे नोंदलेलं गोदाम असेल तर सभासदाच्या नावाची इलेक्ट्रॉनिक पावती सगळ्यात भक्कम.

जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ७ मध्ये तीन महिने ते सात वर्षं कैद आहे. रोजच्या शंभर रुपयांची आणि याची तुलना होईल का, धागाकर्त्यांनीच ठरवावं.

कांदेपुराण | २१ ऑगस्ट, सकाळी ७:५०

वखारवाल्यांना पूर्ण पाठिंबा आणि धागाकर्त्यांना विरोध. तारखा पाळता येतात. कॅलेंडर लावा, कारकून ठेवा. अधिसूचना कशी पाळणार?

कांद्याचं एकच वर्ष बघा. १९ ऑगस्ट २०२३ : ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी : टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबर : निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती पुढे ढकलली. ४ मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क. म्हणजे ५५० अधिक २२०, टनाला ७७० डॉलरच्या खाली माल बाहेर जातच नाही, ही ऑगस्ट २०२४ ची स्थिती. कंपनी कायद्याचं प्रत्येक विवरणपत्र वेळेत भरलेली कंपनीसुद्धा यात बुडते.

तरी कागदाने जेवढं वाचतं तेवढं सांगतो. डिसेंबरच्या बंदीत तीन प्रकारचा माल सोडला : बंदीआधी जहाजावर भरणं सुरू झालेला, शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदराला लागलेलं असा, आणि सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंद झालेला. नाशिकच्या पॅकहाउसमध्ये गोण्या भरून तयार असणं यात कुठेच बसत नाही. बंदराच्या रस्त्यावर उभा असलेला कंटेनरही नाही. म्हणून माल पॅकहाउसमधून निघण्याआधी शिपिंग बिलाची तयारी पूर्ण पाहिजे.

करारात दोन वाक्यं हवीत. एक, करारानंतर शुल्क किंवा किमान मूल्य बदललं तर फरक कोणी सोसायचा. दोन, बंदी आली तर करार भरपाईशिवाय संपेल की मुदत वाढेल, आणि आगाऊ रक्कम किती दिवसांत परत. कंपन्या आयातदाराचा छापील करार सही करून मोकळ्या होतात आणि त्यात सगळी जोखीम विकणाऱ्यावर असते.

ताळेबंद | २१ ऑगस्ट, सकाळी १०:२०

कांदेपुराण, मुद्दा मान्य. पण थेट निर्यात करणाऱ्या उत्पादक कंपन्या किती? धाग्यातली कंपनी तूर घेते.

कांदेपुराण | २१ ऑगस्ट, सकाळी १०:३३

निर्यात न करणाऱ्यालाही लासलगावचा भाव लागतोच की. शुल्क मुंबईच्या बंदरात लागतं, कापलं जातं ते चाळीतल्या कांद्यातून. ज्या सरकारला...

व्यवस्थापक | २१ ऑगस्ट, सकाळी ११:००

इथून पुढचे चार प्रतिसाद राजकीय असल्याने उडवले आहेत. विषयावर राहा.

बियाणेवाला | २१ ऑगस्ट, दुपारी १:२५

निविष्ठा केंद्राकडे वळू. तीन वेगळे परवाने : बियाण्यांना १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, खतांना १९८५ चा खत नियंत्रण आदेश, कीटकनाशकांना १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम. कुठे अडतं ते सांगतो, ओळीने नाही, जसं आठवेल तसं.

ज्या खत कंपनीचं उगम प्रमाणपत्र (मालाचा स्रोत सांगणारा दाखला) परवान्यात जोडलेलं नसेल, तिचं खत विकता येत नाही. बियाणं आणि कीटकनाशकांतही कंपनीगणिक तसाच दाखला परवान्याला जोडून घ्यावा लागतो. हंगामात वितरक सांगतो, 'माल घ्या, कागद मागून येतो.' कागदाआधी निरीक्षक येतो.

पॉस मशिनवरचा (अंगठा घेऊन विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावरचा) खतसाठा आणि गोदामातला साठा जुळत नाही, हे परवाना निलंबनाचं नेहमीचं कारण. घाईच्या दिवसात गोण्या देऊन टाकतात आणि अंगठे संध्याकाळी घेऊ म्हणतात. युरियाच्या ४० गोण्यांचा फरक निघाला तर कितीही खरं कारण सांगा, पंचनाम्यात फरकच लिहिला जातो. रोज दुकान बंद करताना दोन आकडे जुळवा. साठा आणि दरांचा फलक रोज बदलला पाहिजे, बिलावर लॉट क्रमांक आणि घेणाऱ्याची सही पाहिजे.

कीटकनाशकाच्या परवान्यावर विहित शिक्षण असलेल्या माणसाचं नाव असतं. कृषी पदवी-पदविकावाला मुलगा नोकरी सोडून गेला आणि परवान्यात बदल केला नाही, तर भिंतीवरचा परवाना शोभेचा.

कीटकनाशकाचा नमुना नापास झाला तर काय? हे नीट वाचा. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करतो, एक सीलबंद भाग विक्रेत्याकडे राहतो. तो उन्हात, टपरीच्या वरच्या फळीवर टाकू नका. अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवायचं की अहवाल मान्य नाही आणि त्याविरुद्ध पुरावा द्यायचा आहे. नाही कळवलं तर तो अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. कीटकनाशक कायद्याचं कलम ३०(३) विक्रेत्याला वाचवतं, अटींवर : माल परवानाधारकाकडून घेतला, दोष माहीत नव्हता आणि कळण्यासारखाही नव्हता, नीट साठवला आणि आला त्याच स्थितीत विकला. म्हणून खरेदी बिलावर बॅच क्रमांक हवाच. लिटरची बाटली फोडून पावशेर काढून दिलं की हे कलम गेलं.

मुदत संपलेला माल वेगळा, 'मुदतबाह्य' असं ठळक लिहून. बहुतेक जण फक्त मागच्या फळीवर ढकलतात.

माळरान | २१ ऑगस्ट, दुपारी २:१०

उत्तम प्रतिसाद. एक उपप्रश्न : त्याच गोदामात धान्य आणि कीटकनाशकं असतील तर? जागा एकच असते बहुतेकांकडे.

बियाणेवाला | २१ ऑगस्ट, दुपारी २:३६

मुळीच नाही. कीटकनाशकाला स्वतंत्र खोली लागते. आणि गोदामात धुरी द्यायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः आणून ठेवत असाल तर तेही थांबवा. ते निर्बंधित कीटकनाशक आहे; वापर सरकारी यंत्रणा किंवा परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच. त्याचं धुरीचं प्रमाणपत्र अन्न परवान्याच्या तपासणीतही कामाला येतं, म्हणजे एका खर्चात दोन कामं.

लेबलमास्तर | २२ ऑगस्ट, सकाळी ९:४५

डाळ मिल.

अन्न सुरक्षा कायदा शेतकऱ्याला, शेतावरच्या मालाला लागू नाही. पण तूर भरडली की तुम्ही अन्न व्यावसायिक. २०२४ च्या नियमाने वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत नोंदणी, त्यापुढे राज्य परवाना. १२ लाख म्हणजे किती? डाळ १५० रुपये किलो धरली तर अवघे ८ टन. म्हणजे १०० रुपयांच्या नोंदणीवर मिल चालवणं एका हंगामातच बेकायदा होतं. परवानाधारक उत्पादकाने ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण भरायचं, उशिराला इथेही रोज १०० रुपये. (शंभराचा आकडा सरकारला फार प्रिय दिसतो.)

पाकिटावर दोन कायदे एकदम बसतात. अन्न कायद्याचा १४ अंकी परवाना क्रमांक, हिरवा शाकाहारी ठिपका, बॅच क्रमांक, वापरायची मुदत; आणि वैधमापनाचं (वजन-मापांच्या कायद्याचं) निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह, एककाची किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, पॅक करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन-ईमेल. पॅकर म्हणून वैधमापन विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. ती बहुतेकांकडे नसते. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून शिक्का मारून घ्यायचा. खरेदीच्या काट्याचा शिक्का जुना असेल तर सभासदच तक्रार करतात.

'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'सेंद्रिय' असं काही छापू नका. सेंद्रिय म्हणायचं तर प्रमाणीकरण हवं, पीजीएस (शेतकरी गटांची आपसातली तपासणी) किंवा एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम). डिझायनर मुलं हौसेने पान-फुलं टाकतात आणि खाली '१००% सेंद्रिय' लिहून मोकळी होतात.

हिशेबी | २२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

लेबल न लावता, ब्रँड न टाकता साध्या पिशवीत विकलं तर जीएसटी लागत नाही ना?

लेबलमास्तर | २२ ऑगस्ट, सकाळी ११:१५

हा २०२२ च्या आधीचा समज. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडचा संबंध संपला. वैधमापन कायद्याने लेबल लावणं बंधनकारक आहे असं पूर्व-पॅक केलेलं पाकीट, २५ किलोपर्यंत : ५ टक्के. लेबल लावलं नाही म्हणून सुटका नाही, उलट लेबल न लावल्याचा गुन्हा वर. २५ किलोच्या पुढचं एकच पोतं, उदा. ३० किलो : कर नाही. म्हणून बाजारात अचानक २६ किलोचे कट्टे दिसायला लागले. पण एक-एक किलोची ३० पाकिटं मोठ्या गोणीत घातली तर ती ३० पाकिटंच धरतात.

ताळेबंद | २२ ऑगस्ट, दुपारी १२:२०

यालाच जोडून, कारण इथे भले भले चुकतात. जीएसटीत 'कृषक' म्हणजे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. कंपनी कृषक नाही, सगळे सभासद शेतकरी असले तरी. कंपनी फक्त करमुक्त माल, म्हणजे सुटी तूर, सुटा हरभरा विकत असेल तर नोंदणी नको. पण सोयाबीनवर ५ टक्के आहे, फक्त बियाण्याचं सोयाबीन मुक्त. कीटकनाशकं १८, रासायनिक खतं ५. यातली एक गोष्ट सुरू झाली की ४० लाखांची मर्यादा बघताना करमुक्त तुरीची उलाढालही मोजली जाते. म्हणजे पहिल्या ट्रकलाच नोंदणी.

कापूस घेणाऱ्यांसाठी : नोंदणीकृत कंपनीने शेतकऱ्याकडून कापूस घेतला की उलट आकारणीने कर कंपनीने स्वतः भरायचा. नंतर तो कर जमा (इनपुट क्रेडिट) म्हणून मिळतो, पण आधी रोख जाते.

आणि रोखीचं. १०,००० वरचा रोख खर्च आयकरात नामंजूर होतो, मात्र शेतमालाचे पैसे थेट उत्पादकाला दिले तर नियम ६-डीडीने सूट आहे. व्यापाऱ्याकडून माल घेऊन रोख दिली तर सूट नाही. म्हणून प्रत्येक खरेदी पावतीवर सातबारा गट क्रमांक टाका.

हिशेबी | २२ ऑगस्ट, दुपारी १२:३१

आयकर तर माफच आहे ना कंपन्यांना?

ताळेबंद | २२ ऑगस्ट, दुपारी १२:५०

होता. कलम ८०-पीए, शंभर कोटींच्या आत उलाढाल, सभासदांच्या मालाचा धंदा, १०० टक्के वजावट. ती करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पर्यंतच होती, म्हणजे ३१ मार्च २०२४ ला संपलेलं वर्ष शेवटचं. एप्रिल २०२४ पासूनच्या नफ्यावर सवलतीचा पर्याय घेतला तरी अधिभार-उपकरासह २५.१७ टक्के जातात.

यावर कायद्यातच असलेली वाट वापरा : राखून ठेवलेला भाव. सभासदाला आधी एक भाव द्यायचा, उरलेला नंतर रोख, वस्तू किंवा भागांच्या रूपात. पण हंगामाआधी संचालक मंडळाचा ठराव आणि खरेदी पावतीवर 'अंतिम भाव नंतर' अशी ओळ हवी, म्हणजे तो खरेदीचा खर्च धरायला आधार राहतो. वर्ष संपल्यावर नफा दिसला म्हणून वाटलेला बोनस हा नफ्याचं वाटप. त्याने कर कमी होत नाही.

आडतमुक्त | २२ ऑगस्ट, सायंकाळी ६:०५

एवढं सगळं बघता सहकारी संस्थाच बरी नाही का? आयकरात ८०-पी अजून चालू आहे.

सभाशास्त्र | २२ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

करात बरी. पण १९६० च्या सहकार कायद्यात उपनिबंधक कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ ची वसुली लावू शकतो, मंडळ बरखास्त करून प्रशासक आणू शकतो. कंपनीत सरकारी माणूस तुमच्या सभेत येत नाही. त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे वर लिहिलेल्या तारखा. खरं तर दोन्हीकडे अडचण एकच : वह्या कोण लिहिणार?

आडतमुक्त यांच्या नावावरून आठवलं, फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, पण धान्य-कडधान्याची बाजार आवाराबाहेर खरेदी करायची तर थेट पणन परवाना लागतो. 'आम्ही आमच्याच सभासदांकडून घेतो' हे उत्तर भरारी पथकापुढे पुरत नाही.

सातबारा | २३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

जमिनीचं राहिलं. कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही आणि कंपनी शेतकरी नाही. म्हणून गोदाम सभासदाच्या गटात उभं राहतं. बघायच्या गोष्टी : जमीन भोगवटादार वर्ग २ आहे का (असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हातही लावू नका), इतर हक्कात बहिणींची नावं, बँकेचा बोजा, विहिरीचा वाद. भाडेपट्टा एक वर्षाहून जास्त असेल तर नोंदणी सक्तीची; नोटरी केलेला मुद्रांकाचा कागद बँकेलाही चालत नाही, अनुदानालाही नाही.

अकृषिक वापरासाठी महसूल संहितेत २०२४ साली गावठाणाजवळच्या जमिनीला ४२-ड आणि खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला ४४-अ अशा सोप्या वाटा होत्या. ४४-अ मध्ये आधी परवानगी नको होती, वापर बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचं होतं. ते कळवायचंच विसरतात आणि पुढे दंडाची नोटीस येते.

भाडेपट्टा अध्यक्षाच्या जमिनीवर असेल तर अध्यक्षाने त्या ठरावाला मंडळात बसू नये. मंडळ बदललं की गोदामाला कुलूप लागतं, ते इथूनच.

कोरडवाहू | २३ ऑगस्ट, सकाळी ९:०२

धागा वाचून एक गोष्ट पक्की झाली. तूर विकण्यापेक्षा कन्सल्टन्सी काढावी. वाचनखूण साठवली आहे.

माळरान | २५ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न मात्र लोंबकळतोय : पैसे थोडे असतील तर आधी कुठे? आणि वखारवाला-कांदेपुराण यांचा आक्षेप अर्धा पटला. साठा मर्यादेचं मला वाटलं त्याहून मोठं आहे.

वखारवाला | २६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

माझं मत : आधी मिलचा राज्य परवाना खऱ्या क्षमतेचा करून घ्या. त्या एका कागदावर साठा मर्यादा, बँकेचं खेळतं भांडवल आणि विमा तिन्ही उभं राहतं. मग थप्पी कार्ड, त्याला खर्च शून्य.

ताळेबंद | २६ ऑगस्ट, सकाळी ११:१०

मी अजूनही विवरणपत्रांवरच. परवान्याचा अर्ज करतानासुद्धा कंपनी 'सक्रिय' दिसावी लागते आणि संचालकांचा ओळख क्रमांक चालू लागतो. क्रम लावायचा तर : थकलेली विवरणपत्रं, जीएसटी, मग अन्न परवाना. निविष्ठा केंद्राला सल्लागार नकोच, तिथे शिस्तीचा कारकून हवा.

बियाणेवाला | २६ ऑगस्ट, दुपारी १२:४५

कारकुनाला पगार द्या मात्र. बारा हजारात पॉस, टॅली, सभासद नोंदवही आणि चहा, सगळं एकाच माणसाकडून होत नाही.

कांदेपुराण | १४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

धागा वर काढतोय. काल कांद्याचं किमान निर्यात मूल्य काढलं आणि निर्यात शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. खाद्यतेलाच्या आयात शुल्कातही वाढ : कच्च्या तेलावर शून्यावरून २० टक्के, शुद्ध तेलावर १२.५ वरून ३२.५. सोयाबीनवाल्यांनी बघावं. ज्यांनी ४० टक्के गृहीत धरून करार केलेत त्यांचा फरक आता कोणाच्या खिशात जाणार, ते करारातल्या त्या एका वाक्यावर.

माळरान | १४ सप्टेंबर, सकाळी ८:५०

सोयाबीन काढणीच्या तोंडावर बातमी बरी आहे. बरं, ३० सप्टेंबरच्या वार्षिक सभांची नोटीस किती दिवस आधी लागते?

सभाशास्त्र | १४ सप्टेंबर, सकाळी ९:२०

किमान १४ दिवस. म्हणजे आज किंवा उद्या गेलीच पाहिजे, गणपती असोत की नसोत. नुसती नोटीस नाही. विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, संचालकपदाच्या उमेदवारांची नावं आणि पात्रता, लेखापरीक्षक नेमणुकीचा मसुदा ठराव, सगळं सोबत. उद्या रविवार, टपाल बंद. गावातल्या सभासदांना हातपोच द्या आणि नोंदवहीत तारखेसह सही घ्या. बाहेरगावच्यांना आज दुपारच्या आत स्पीड पोस्ट, पावत्या फाइलला.

आणि सभासदांची यादी बघून घ्या. किती जण हयात आहेत त्यात?